होसकोटे : कोट आणि तळे

इंग्लंडच्या वायव्येकडील ग्रासमिअर हे तळ्याकाठचे एक लहानसे खेडे. १७९९ च्या अखेरीस वर्डस्वर्थ तेथे राहावयास आला, आणि पुढे त्याच्या काव्यामुळे व १८१० मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासवर्णनपर पुस्तकामुळे तो सरोवरप्रदेश रसिकांचे तीर्थक्षेत्र बनला. १८४४ मध्ये विंडरमिअरकडे लोहमार्ग आणण्याचे घाटू लागताच प्रवाशांच्या लोंढ्याविरुद्ध आवाज उठविणाराही तोच होता. वाङ्मयाने एखाद्या जलाशयाकडे पाहिले म्हणजे लोकही पाहू लागतात, याचे हे ठळक उदाहरण होय.

बंगळूरपासून सुमारे २५ कि.मी. अंतरावरील होसकोट्याकडे मराठी वाङ्मयाने मात्र निराळ्या दृष्टीने पाहिले. कन्नडमध्ये ‘होस’ म्हणजे नवा आणि ‘कोटे’ म्हणजे किल्ला. सुगटूरच्या तम्मेगौडाने १५९५ च्या सुमारास हा कोट बांधला. १६३८ मध्ये रणदुल्लाखान व शहाजीराजे यांनी विजापूरकरांसाठी तो घेतला, आणि बंगळूरबरोबर होसकोटेही शहाजीराजांच्या जहागिरीत आले. १७६१ मध्ये ते हैदरअलीच्या हाती गेले. १७६८ च्या ऑगस्टमध्ये इंग्रजांच्या बाजूने उतरलेल्या मुरारराव घोरपड्यांच्या तेथील छावणीवर हैदराने रात्री छापा घातला, पण तो परतविला गेला. आपल्या इतिहासात होसकोटे येते ते असे : घेतले, दिले, गमावले.

परंतु कोटाशेजारी एक विस्तीर्ण तलाव आहे. जुन्या गॅझेटिअरात त्याचा बांध दोन मैल लांब आणि तुडुंब भरल्यावर त्याचा घेर दहा मैलांहून कमी नाही, अशी नोंद आहे. लोक त्यास ‘दोड्ड अमानिकेरे’ म्हणतात. ‘दोड्ड’ म्हणजे मोठा, ‘केरे’ म्हणजे तळे. आणि ‘अमानी’ हा तर मराठी दफ्तरांतही आढळणारा शब्द. मक्त्याने न देता सरकारने स्वतःच्या व्यवस्थेखाली ठेवलेले ते अमानी. किल्ल्याच्या नावात विजय आहे. तलावाच्या नावात कारभार आहे.

या दोहोंचा संबंध एका प्रसिद्ध प्रसंगी दिसून येतो. १६७७ मध्ये शिवाजीमहाराज व एकोजीराजे यांच्यात झालेल्या समेटाची जी एकोणीस कलमे मराठी परंपरेने जपली आहेत, त्यांपैकी एकात बंगळूर व त्याच्या लगतचे होसकोटे, शिलेकोट हे महाल एकोजींच्या पत्नी दीपाबाई यांस चोळीबांगडीसाठी दिल्याचा उल्लेख आहे. उत्पन्न दोन लक्षांचे, आणि नीट व्यवस्था ठेविल्यास ते पाच लक्षांपर्यंत जाईल, असेही तेथे म्हटले आहे. या पठारावर बारमाही नदी नाही. तळ्याचे पाणी शेतास पोचेल तेव्हाच पीक येणार. तेव्हा ‘नीट व्यवस्था’ या शब्दांत बांधाची डागडुजी व गाळाचा उपसा या गोष्टी गृहीतच असल्या पाहिजेत. चोळीबांगडीचा तो खर्च अखेर तळ्यानेच सोसावयाचा होता; पण कलमात महालांची नावे आली, तळ्याचे आले नाही.

आज बंगळूरहून तेथे येणाऱ्यांत पहाटेच्या बिर्याणीसाठी येणारे पुष्कळ, आणि तळ्यावरील पक्षी पाहण्यास येणारेही काही असतात. शहाजीराजांचे ठाणे शोधणाऱ्या मराठी प्रवाशाचे पाऊल साहजिकच कोटाकडे वळते. त्याने थोडे पुढे जाऊन बांधावर उभे राहावे. ज्या मुलुखासाठी तलवारी चालल्या, तो मुलूख कशावर जगत होता, याचे उत्तर त्याला तेथे मिळेल. आणि मराठ्यांच्या कर्नाटकातील इतिहासाचे जे प्रकरण अद्याप नीटसे लिहिले गेलेले नाही, त्याचा आरंभ कोठून करावा हेही कळेल.