मुक्त पात्रनिर्मिती
टेबलाभोवती बसून खेळायच्या रोलप्लेइंग गेममध्ये ठरीव याद्यांऐवजी खेळाडूच्या स्वतःच्या शब्दांतून पात्र घडवण्याची पद्धत. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये (१९७४) पात्राला ताकद, बुद्धी अशा सहा गुणांचे आकडे आणि एक ठरलेला वर्ग असे. जोनाथन ट्वीट यांच्या ‘ओव्हर द एज’ने (१९९२) ही चौकट मोडली. तिथे पात्राला एक मुख्य गुण, दोन दुय्यम गुण आणि एक उणीव असते, आणि चारही खेळाडूच सुचवतो. ‘बंदरावरचा मुरलेला तस्कर’ एवढे लिहिले, की होडी हाकणे, कस्टमवाल्यांना चुकवणे, गोदीतल्या ओळखी हे सारे त्यात आले. कौशल्यांची वेगळी यादी लागत नाही. एस. जॉन रॉस यांच्या ‘रिसस’मध्ये तर दहा फासे अशाच वर्णनांत वाटून दिले की पात्र तयार होते.

याद्यांना सरावलेला खेळाडू कोऱ्या कागदापुढे हमखास अडखळतो. त्याला नियम समजावण्याआधी ‘हा माणूस पोट कशावर भरतो, घाबरतो कशाला?’ असे विचारणे फार उपयोगी ठरते. वर्णन अतिव्यापक असेल, तर खेळ चालवणाऱ्याने त्याची मर्यादा खेळाआधीच ठरवून घ्यावी.