कीटकभक्षी वनस्पती : घरगुती लागवडीसाठी निवड आणि निगा

कीटकांना सापळ्यात पकडून त्यांच्या शरीरातील नायट्रोजन, फॉस्फरस यांसारखी पोषकद्रव्ये शोषून घेणाऱ्या वनस्पतींना कीटकभक्षी वनस्पती म्हणतात. त्या प्रामुख्याने ओलसर व निकस जमिनीत वाढतात. आपले अन्न त्या इतर वनस्पतींप्रमाणे सूर्यप्रकाशातच तयार करतात. मातीत जे कमी पडते, तेवढे कीटकांकडून मिळवतात. त्यामुळे इतर कुंड्यांना मानवणारी सकस माती आणि खत या रोपांच्या मुळावर येते.

निवड : रोप निवडताना आपल्या गावाचे हवामान आधी पाहावे. अमेरिकेतील उत्तर व दक्षिण कॅरोलिना राज्यांत मूळ असलेल्या व्हीनस फ्लायट्रॅपला हिवाळ्यात तीन ते चार महिने थंडीची विश्रांती लागते. मुंबई किंवा चेन्नईच्या उबदार हवेत ती न मिळाल्याने रोप हळूहळू क्षीण होते. नवशिक्यांसाठी दवबिंदूच्या (ड्रॉसेरा) उष्ण प्रदेशीय जाती अधिक सोप्या. दमट किनारपट्टीवर घटपर्णीचे (नेपेंथिस) सखल प्रदेशातील संकरित वाण चांगले वाढतात.

माती व पाणी : पीट मॉस व परलाइट यांचे मिश्रण वापरावे. कोकोपीट वापरायचे असल्यास त्यातील क्षार निघून जाईपर्यंत ते वारंवार धुवावे. शेणखत, गांडूळखत किंवा रासायनिक खत मातीत घालू नये. पावसाचे, ऊर्ध्वपातित किंवा आरओ यंत्रातून गाळलेले कमी क्षारांचे पाणीच द्यावे. कूपनलिकेच्या जड पाण्याने मुळे खराब होतात. दवबिंदू व फ्लायट्रॅपची कुंडी एक-दोन सेंटिमीटर पाणी असलेल्या ताटलीत ठेवता येते. घटपर्णीची मुळे मात्र साचलेल्या पाण्यात कुजतात.

प्रकाश व खाद्य : फ्लायट्रॅप व दवबिंदूला दररोज काही तास थेट ऊन हवे, घटपर्णीला गाळीव प्रकाश मानवतो. खिडकीत आपसूक येणारे कीटक पुरेसे असतात. मांसाचे तुकडे घातल्यास सापळा कुजतो. फ्लायट्रॅपचा सापळा मिटवून पाहण्याचा मोहही टाळावा; प्रत्येक सापळा मोजक्याच वेळा मिटू शकतो. या रोपांमुळे घरातील डास संपतील, ही अपेक्षाही व्यर्थ आहे.

कायदा : नेपेंथिस खासियाना ही घटपर्णी नैसर्गिकरीत्या प्रामुख्याने मेघालयात आढळते. तिला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण असून, जंगलातून ती उपटणे वा विनापरवाना विकणे गुन्हा आहे. साताऱ्याजवळील कास पठारावरही दवबिंदू आणि ‘सीतेची आसवे’ (युट्रिक्युलेरिया) या कीटकभक्षी वनस्पती पावसाळ्यात दिसतात. त्या पठारावरच पाहाव्यात. घरासाठी रोपवाटिकेत बियांपासून किंवा ऊतीसंवर्धनाने वाढवलेलीच रोपे घ्यावीत आणि खरेदीपूर्वी विक्रेत्याकडे त्यांच्या उगमाची चौकशी करावी.