कुवेतमधील स्त्रियांचा मताधिकार

१. कुवेतच्या १९६२च्या राज्यघटनेने सर्वांना कायद्यापुढे समान ठरवले. पण त्याच वर्षीच्या निवडणूक कायद्याने मतदान पुरुषांपुरतेच ठेवले. १९९९मध्ये अमीर शेख जाबिर यांनी वटहुकमाने स्त्रियांना मताधिकार दिला, तो संसदेने फेटाळला. राजा हक्क देऊ पाहत होता आणि केवळ पुरुषांनी निवडलेली संसद तो अडवत होती, हे वाचकांनी आवर्जून लक्षात घ्यावे. चळवळीतील स्त्रिया निदर्शने करत, न्यायालयात दाद मागत राहिल्या. अखेर १६ मे २००५ रोजी ३५ विरुद्ध २३ मतांनी कायदा बदलला; मात्र शरियतच्या मर्यादा पाळण्याची अट घालूनच. २००९मध्ये चार स्त्रिया निवडून आल्या. त्याच वर्षी घटनात्मक न्यायालयाने पतीच्या संमतीविना पासपोर्ट काढण्याचा विवाहित स्त्रीचा हक्क मान्य केला. परदेशी पुरुषाशी लग्न केलेल्या कुवेती स्त्रीच्या मुलांना मात्र आईचे नागरिकत्व आपोआप मिळत नाही. मे २०२४मध्ये तर अमिरांनी संसदच विसर्जित केली. म्हणून मताधिकाराबरोबर समता आली, हे मूळ लेखातील विधान अपुरे आहे. घर, कुटुंब आणि नागरिकत्व यांविषयीचे कायदे बदलल्याशिवाय ती पुरी होत नाही. — संपादक