रंगीत फोटो ब्लॅक अँड व्हाइट केला, तरी फिल्मसारखा का दिसत नाही?

फोटोचं सॅच्युरेशन शून्यावर नेलं की रंग जातात, पण बऱ्याचदा हाती येतो एक मरगळलेला, राखाडी फोटो. मग त्यावर ग्रेन टाकला जातो. खरी गडबड मात्र त्याआधीच झालेली असते.

डिजिटल फोटोतल्या प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे असतात. त्यांचा एकच करडा आकडा करण्याच्या एका प्रचलित सूत्रात लाल रंगाला २९.९, हिरव्याला ५८.७ आणि निळ्याला ११.४ टक्के वजन मिळतं. ० ते २५५ च्या पट्टीवर २०० इतका लाल आणि १०२ इतका हिरवा घेतला, तर दोन्हींचं उत्तर साधारण ६०च येतं! म्हणजे हिरव्या साडीचे लाल काठ साडीतच विरून जातात.

फिल्मचं गणित वेगळं होतं. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल प्रकाश जवळपास दिसतच नसे. तिच्यावर कुंकू काळं, तर निळं आकाश पांढरंफटक येई. पँक्रोमॅटिक फिल्मला सगळे रंग दिसू लागले, तरी निळ्याकडे तिचा ओढा राहिलाच. म्हणून छायाचित्रकार लेन्सवर रंगीत काच लावत. १९२७ मध्ये अमेरिकेत योसेमिटीतल्या हाफ डोम कड्याचा फोटो काढताना अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनी आधी पिवळा फिल्टर वापरला. मनासारखं होईना, म्हणून उरलेल्या प्लेटसाठी गडद लाल फिल्टर लावला आणि आकाश जवळजवळ काळं झालं. तोच फोटो गाजला.

हीच निवड आता फोटो काढल्यानंतर करता येते. एडिटिंग अ‍ॅपमधल्या ‘चॅनेल मिक्सर’ किंवा ‘बी अँड डब्ल्यू मिक्स’मध्ये निळा खाली ओढला की आकाश गडद होतं, लाल वर नेला की त्वचा उजळते. त्यासाठी मूळ फोटो रंगीतच हवा, शक्यतो रॉ फाइलमध्ये. आठ बिटच्या जेपेगमध्ये निळा फार ओढला, तर आकाशात पट्टे उमटतात.

फिल्ममध्ये उजळ भाग हळूहळू पांढरा होतो. डिजिटलमध्ये तो एकदम ‘उडतो’ आणि परत मिळत नाही. त्यामुळे कडक उन्हात एक्स्पोजर थोडं कमी ठेवलेलं बरं.

ग्रेन सगळ्यात शेवटी, फोटोचा आकार ठरल्यावर टाकावा. फिल्मवर तो मधल्या करड्या छटांमध्ये जास्त जाणवतो. अनेक अ‍ॅप्स तो फोटोभर सारखाच पसरवतात, मग फोटोवर वाळू सांडल्यासारखी दिसते.