पडदा आणि आकाशपाळणा : नामपल्लीत जोडप्याने फिरण्याचा इतिहास

पतिपत्नीने, किंवा लग्न ठरलेल्या दोघांनी, कोणतेही देवकार्य वा घरचे काम नसताना केवळ एकमेकांच्या सहवासासाठी घराबाहेर पडावे, बागेत हिंडावे, बाजारात काही खावे आणि रात्री परतावे, हा व्यवहार दख्खनच्या शहरांत फार जुना नाही. आज मुंबई, पुणे किंवा सोलापूरहून हुसेनसागर एक्स्प्रेसने निघालेले जोडपे हैदराबाद दख्खन स्थानकावर, म्हणजे लोकांच्या बोलण्यातील नामपल्ली स्थानकावर उतरते. तेथून दोन दिवसांची सहल सुरू होते. ज्या रस्त्यांवरून हे दोघे बरोबरीने चालतात, त्या रस्त्यांवर शंभर वर्षांपूर्वी प्रतिष्ठित घरांतील स्त्री पडदा लावलेल्या गाडीतूनच जात असे. हे अंतर कसे कापले गेले, याचा माग मुसी नदीच्या उत्तरेकडील नामपल्ली या वस्तीत जितका स्पष्ट लागतो तितका हैदराबादच्या दुसऱ्या कोणत्याही भागात लागत नाही. एक बाग, एक प्रदर्शन, एक बाजारपेठ आणि काही चहाची दुकाने एवढ्यावर हा इतिहास उभा आहे.

हैदराबाद आणि प्रणय यांचा संबंध सांगताना प्रवाशांच्या हाती देण्यात येणारी पुस्तके बहुधा भागमतीच्या कथेपासून आरंभ करतात. महंमद कुली कुतुबशाह हा राजपुत्र पूर आलेल्या मुसीत घोडा घालून तिला भेटायला गेला आणि मुलाच्या काळजीने बापाने, म्हणजे इब्राहीम कुली कुतुबशाहाने, पुराना पूल बांधला, असे ही कथा सांगते. पुराना पूल 1578 मध्ये पूर्ण झाला, राजपुत्राचा जन्म त्याआधी अवघ्या बारा-तेरा वर्षांपूर्वीचा, आणि हारून खान शेरवानी यांच्यासारख्या कुतुबशाहीच्या थोर अभ्यासकाने भागमतीचे ऐतिहासिक अस्तित्वच अमान्य केले. कथा म्हणून ती सुंदर आहे आणि टिकेलही. परंतु राजपुत्राच्या प्रेमावरून सामान्य माणसांच्या व्यवहाराचा काहीही बोध होत नाही. सामान्य जोडप्याला राजाचा पूल पुरत नाही. त्याला कोणीही न हटकता बसता येईल अशी जागा, परवडेल असे खाणे आणि लोकांच्या नजरा सोसवतील इतपत बदललेला समाज लागतो.

या तिसऱ्या गोष्टीची किंमत मराठी वाचकाला ठाऊक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गोपाळराव जोशी पत्नी आनंदीबाईंना बरोबर घेऊन मुंबईत फिरायला निघत, तेव्हा त्या दोघांना रस्त्यावरच्या लोकांची टवाळी सोसावी लागली. पडद्याची चाल नसलेल्या समाजातही ही स्थिती होती. निजामी हैदराबादेत तर उच्चवर्गीय मुस्लिम आणि त्यांच्या रिवाजाचे अनुकरण करणारी अनेक हिंदू घराणी जनाना, म्हणजे स्त्रियांसाठी राखून ठेवलेला घराचा आतला भाग, काटेकोरपणे पाळत असत. त्यामुळे येथे जोडप्याने बाहेर पडण्याआधी स्त्रीने बाहेर पडणे ही पहिली पायरी होती, आणि ती पायरी बरीच वर्षे वेगळी, केवळ स्त्रियांसाठीचीच राहिली. नामपल्लीच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. येथे स्त्रीपुरुषांचा एकत्र फेरफटका एखाद्या बंडातून अवतरला नाही. आधी पडद्यासह सार्वजनिक जागेत प्रवेश झाला, मग पडदा हळूहळू मागे सरला, आणि त्यानंतर त्याच जागा जोडप्यांच्या झाल्या.

नामपल्ली हे नाव कुतुबशाहीतील नेकनाम खान या सरदाराच्या जहागिरीवरून आले असे सांगितले जाते. मूळ शहर नदीच्या दक्षिणेला, चारमिनारभोवती होते, तर नामपल्लीचा परिसर मोकळ्या माळाचा आणि बागांचा. एकोणिसाव्या शतकात येथे बाग-ए-आम, म्हणजे सर्वांसाठी खुली बाग, आकाराला आली. पुढे तिला पब्लिक गार्डन हे नाव रूढ झाले. राजाची बाग आणि लोकांची बाग यांत केवळ मालकीचा फरक नसतो. राजाच्या बागेत माणूस निमंत्रणाने जातो, लोकांच्या बागेत तो कारण न सांगता जातो, आणि कारण न सांगता कोठे तरी बसता येणे ही दोन माणसांच्या एकांताची पहिली अट आहे. 1908 च्या सप्टेंबरात मुसीला आलेल्या भयंकर पुराने जुन्या शहराच्या नदीकाठच्या वस्त्या उद्ध्वस्त केल्या, त्यानंतर उत्तरेकडील भागाकडे वस्तीचा ओघ वाढला आणि ही बाग शहराच्या कडेवरून शहराच्या मध्यात आली.

बागेच्या आवारातच मोठ्या इमारती उभ्या राहत गेल्या. सहावा निजाम मीर महबूब अली खान याच्या चाळिसाव्या वाढदिवसानिमित्त 1905 मध्ये टाऊन हॉलची पायाभरणी झाली आणि 1913 मध्ये ती शुभ्र इमारत पूर्ण झाली. पुढे तेथे विधानसभा भरू लागली. जुबिली हॉल, 1924 ची शाही मशीद आणि राज्य पुरातत्त्व संग्रहालय ही या आवारातील आणखी काही नावे. संग्रहालयातील इजिप्तची ममी पाहायला आजही गर्दी होते, आणि नव्याने लग्न झालेल्या जोडप्यांनी हात धरून एका प्रेतासमोर उभे राहावे यात विसंगती शोधण्याचे कारण नाही, कारण दोघांनी मिळून काहीतरी अपूर्व पाहणे हाच शहरी सहलीचा गाभा असतो. बागेत प्राणिसंग्रहही होता. 1963 मध्ये नेहरू प्राणिसंग्रहालय सुरू झाले आणि हे प्राणी तिकडे गेले. तोपर्यंत वाघसिंह पाहणे हे लहान मुलांइतकेच मोठ्यांनाही बागेत येण्याचे सर्वमान्य निमित्त होते.

तरीही नामपल्लीला जे खरे वेगळेपण आले ते नुमाइशमुळे. नुमाइश म्हणजे प्रदर्शन; तिचे मूळ नाव नुमाइश मसनूआत-ए-मुल्की, म्हणजे राज्यात तयार होणाऱ्या मालाचे प्रदर्शन. उस्मानिया विद्यापीठाच्या पदवीधरांच्या संघटनेने 1938 मध्ये, अवघ्या अडीच रुपयांच्या भांडवलावर असे आवर्जून सांगितले जाते, याच बागेत ते भरवले आणि सातवा निजाम मीर उस्मान अली खान याच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. हेतू पूर्णपणे आर्थिक होता. हैदराबाद संस्थानात तेव्हा तेलंगण आणि कन्नड भागांबरोबर मराठवाड्याचे जिल्हेही होते, आणि औरंगाबादची हिमरू, पैठणची पैठणी, बीदरची बिदरी भांडी हा सारा मुल्की मालच होता. त्यामुळे मराठी वाचकाने या प्रदर्शनाकडे परक्या गावची जत्रा म्हणून पाहू नये. ते मराठवाड्याच्याही तत्कालीन राजधानीतले प्रदर्शन होते.

पदवीधरांनी मांडलेल्या या आर्थिक उपक्रमाचा सामाजिक परिणाम त्यांच्या हेतूपेक्षा मोठा निघाला. घरातील खरेदी ही स्त्रियांची बाब, आणि प्रदर्शन म्हणजे खरेदी. म्हणून स्त्रियांनी तेथे येणे अपरिहार्य झाले. पडदा पाळणाऱ्या स्त्रियांसाठी वेगळे दिवस राखून ठेवण्यात आले, त्या दिवशी पुरुषांना प्रवेश नसे, आणि एरवी दुकानदाराकडून घरपोच आलेल्या कापडातून निवड करणारी स्त्री त्या दिवशी एका दुकानातून दुसऱ्या दुकानात स्वतः फिरू लागली. फिरण्याची सवय एकदा लागली की ती एका दिवसापुरती उरत नाही. पुढच्या काळात इतर दिवशीही कुटुंबे एकत्र येऊ लागली, आणि कुटुंबाच्या घोळक्यात नवविवाहित दोघांना चार पावले मागे रेंगाळण्याची मुभा मिळू लागली. उपवर मुलामुलींना दोन्ही घरांनी सहज भेट झाल्यासारखे दाखवून एकमेकांना पाहू द्यावे, यासाठीही नुमाइशची गर्दी सोयीची ठरली; अशा ठरलेल्या लग्नांच्या आठवणी हैदराबादी घरांत आजही सांगितल्या जातात.

याच दशकात राजघराण्यातही पडद्याविषयीची धारणा हलली होती. 1931 च्या नोव्हेंबरात फ्रान्समधील नीस येथे निजामाच्या दोन्ही मुलांची लग्ने ऑटोमन राजघराण्यातील दुर्रुशेहवार आणि निलोफर यांच्याशी झाली. या दोघी हैदराबादेत आल्या त्या पडद्यात बसण्यासाठी नव्हे. समारंभांना त्या उघडपणे हजर राहत. निलोफर यांच्या नावाचे स्त्रिया व मुलांचे रुग्णालय नामपल्लीला लागून असलेल्या रेड हिल्स भागात आहे. निलोफर यांच्या एका दासीचा बाळंतपणात मृत्यू झाला, त्या दुःखातून या रुग्णालयाची कल्पना पुढे आली. निलोफर यांचा स्वतःचा संसार मात्र पुढे घटस्फोटात संपला, आणि त्यांचे पती मोअज्जम जाह यांच्या नावाची बाजारपेठ नामपल्लीजवळच गजबजत राहिली.

1946 मध्ये प्रदर्शन बागेतून सध्याच्या सुमारे 23 एकरांच्या मैदानावर हलले. त्या वर्षी संस्थानचे पंतप्रधान झालेले सर मिर्झा इस्माईल यांचे नाव या संदर्भात घेणे आवश्यक आहे, कारण म्हैसूरचे दिवाण असताना कृष्णराजसागराखालील वृंदावन उद्यान त्यांच्याच पुढाकाराने घडले होते, ज्या उद्यानात महाराष्ट्रातील कितीतरी जोडप्यांनी मधुचंद्राच्या सहलीत छायाचित्रे काढून घेतली. हैदराबादेत हुसेनसागर तलावाच्या बांधावरील रस्ता रुंद करून तो फिरण्याजोगा करण्याचे कामही त्यांच्याच अल्प कारकिर्दीतले. नागरिकांनी संध्याकाळी कोठे चालावे हा राज्यकारभाराचा प्रश्न आहे असे मानणारे प्रशासक आपल्याकडे थोडे झाले, आणि त्यांची आठवण व्हावी तेवढी होत नाही. फाळणी, संस्थानातील अस्थिरता आणि सप्टेंबर 1948 मधील पोलिस कारवाई यांमुळे 1947 व 1948 या वर्षी नुमाइश भरली नाही. 1949 मध्ये गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते ती अखिल भारतीय औद्योगिक प्रदर्शन या नावाने पुन्हा सुरू झाली. लोकांनी मात्र तिला नुमाइशच म्हटले.

त्यानंतरची वर्षे मराठवाड्याच्या दृष्टीने विशेष आहेत. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना होऊन मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात जाईपर्यंत औरंगाबाद, परभणी, नांदेडकडील नोकरदार, वकील आणि विद्यार्थी यांचे शहर हैदराबाद हेच होते. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करत येणारी मीटरमापी गाडी काचीगुड्याला पोचे, सुलतान बाजाराच्या परिसरात मराठी वस्ती आणि मराठी ग्रंथसंग्रहालय होते, आणि तेथून नुमाइश भरणारी नामपल्ली टांग्याच्या किंवा सायकलरिक्षाच्या अंतरावर होती.

नामपल्लीच्या प्रणयाला गझलेचाही एक धागा आहे. येथील दर्गाह यूसुफैन हे यूसुफ आणि शरीफ या दोन सूफी संतांचे स्थान असून त्याच परिसरात दाग देहलवी आणि अमीर मीनाई या दोन थोर उर्दू कवींच्या कबरी आहेत. सहाव्या निजामाचे काव्यगुरू असलेले दाग 1905 मध्ये हैदराबादेत वारले. रुसवा, वाट पाहणे, भेट आणि तक्रार या प्रेमातील नेहमीच्या गोष्टी त्यांनी बोलीच्या जवळच्या भाषेत आणल्या, आणि आजच्या प्रेमिकांच्या तोंडी असलेल्या हिंदी चित्रपटगीतांच्या भाषेवरही त्या बोलीचे ऋण आहे. बाजारहाटासाठी नामपल्लीत आलेल्या जोडप्यांनी या कबरींशी क्षणभर थांबावे अशी खूण शहराने ठळकपणे केलेली नाही, ही खेदाची बाब आहे.

खाण्याच्या जागांमध्ये पडद्याचा प्रवास सर्वांत रोचक रीतीने दिसतो. इराणी हॉटेल, म्हणजे इराणमधून आलेल्या कुटुंबांनी सुरू केलेले दाट दुधाच्या चहाचे आणि उस्मानिया बिस्किटांचे दुकान, हे मुळात पुरुषांच्या बैठकीचे ठिकाण होते. अशा हॉटेलांत पडदा किंवा लाकडी आडोसा लावून फॅमिली रूम केली गेली, ती स्त्रियांवर परपुरुषाची नजर पडू नये म्हणून. काळ बदलला, पडदानशीन ग्राहक कमी झाले, परंतु पडदा तसाच राहिला आणि त्यामागे महाविद्यालयीन तरुण-तरुणी, वाग्दत्त जोडपी आणि भरल्या घरात दोन शब्द बोलायला जागा न मिळणारे नवविवाहित बसू लागले. स्त्रीला झाकण्यासाठी केलेली सोय दोघांच्या एकांताची सोय झाली. दख्खनच्या शहरी जीवनातील इतके मोठे स्थित्यंतर इतक्या साध्या कापडाच्या तुकड्यावर क्वचितच वाचता येते. 1935 मध्ये बांधलेल्या घुमटाच्या आणि घड्याळाच्या मोअज्जम जाही मार्केटातील फळांची आइस्क्रीम आणि त्याच्या समोरच्या भागात फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबाने उभ्या केलेल्या कराची बेकरीची फळांची बिस्किटे मात्र उघड्यावर, रस्त्याच्या कडेला उभे राहून खायची, आणि त्यांना पडद्याची गरज कधी पडली नाही.

आज प्रदर्शन 1 जानेवारीपासून साधारण 46 दिवस चालते. काश्मिरी शालींची आणि लखनवी चिकनकारीची दुकाने, मिरची भजी, बांगड्या, मैदानाभोवती फिरणारी छोटी आगगाडी आणि आकाशपाळणा ही त्याची ओळख आहे, आणि पाळण्याच्या एका डब्यात दोघेच बसू शकतात याचे महत्त्व तेथे रांगेत उभ्या राहिलेल्या कोणत्याही तरुण जोडप्याला समजावून सांगावे लागत नाही. 30 जानेवारी 2019 च्या आगीत अनेक दुकाने जळाली, 2021 मध्ये साथीमुळे प्रदर्शन भरलेच नाही, तरी पुढे ते पूर्ववत सुरू झाले. 2018 पासून मेट्रोची नामपल्ली आणि गांधी भवन ही स्थानके मैदानाच्या जवळ आल्याने रात्री उशिरा परतण्याची चिंता कमी झाली आहे. केवळ स्त्रियांसाठीचा एक दिवस अजूनही पाळला जातो. पडदा पाळणाऱ्यांसाठी सुरू झालेला तो दिवस आता मैत्रिणींनी, मायलेकींनी, सासवासुनांनी मिळून मजा करण्याचा झाला आहे. प्रदर्शन भरवणारी एक्झिबिशन सोसायटी मिळणाऱ्या उत्पन्नातून शिक्षणसंस्था चालवते. सरोजिनी नायडू वनिता महाविद्यालय आणि कमला नेहरू महिला तंत्रनिकेतन या त्यांपैकी दोन मुलींसाठीच्या संस्था याच मैदानाच्या परिसरात आहेत, त्यामुळे पाळण्यात बसायला आलेल्या प्रत्येक जोडप्याच्या प्रवेशशुल्काचा काही अंश तेथे शिकणाऱ्या मुलींच्या वर्गखोल्यांपर्यंत पोचतो.