चढणीचा इतिहास



वसंत व्याख्यानमालेत इतिहास म्हटला म्हणजे श्रोत्यांच्या डोळ्यांसमोर किल्ले, तह आणि बखरी उभ्या राहतात. आम्ही आज ज्या वस्तूचा इतिहास सांगणार आहोत ती जत्रेतली आहे. तिला जगभर रोलर कोस्टर म्हणतात. विद्वानांनी नाके मुरडली तर आमची हरकत नाही. परंतु पैसे देऊन आलेली माणसे दरीत लोटावयाची आणि ती सर्व हसत परत आणावयाची, हा प्रश्न पोरखेळ आहे की नाही ते शेवटपर्यंत ऐकून मग ठरवावे.

लोक कौतुक करतात ते उताराचे. आमच्या मते खरी कथा चढणीची आहे. उतार पृथ्वी फुकट देते. चढणीचे मोल कोणाला तरी चुकते करावे लागते. रशियात लाकडी सांगाड्यांवर बर्फ गोठवून त्यावरून घसरत, तेव्हा ते मोल घसरणाऱ्याचे पायच देत, कारण वर जावयाचे ते जिन्यानेच. 1817 साली पॅरिसमध्ये चाकांच्या गाड्या रुळांच्या खोबणीत बसवून अशा घसरगुंड्या उभ्या राहिल्या. तेथेही खेळापेक्षा वर चढण्याचा व्यापच मोठा.

पण ज्या शोधांवर आजची रोलर कोस्टर उभी आहे ते शोध करमणुकीसाठी लागलेच नाहीत. ते कोळशासाठी लागले. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातील मॉक चंक या गावी 1827 साली डोंगरावरच्या खाणीपासून लीहाय नदीपर्यंत सुमारे नऊ मैलांचा रूळमार्ग घातला गेला. भरलेल्या वाघिणी आपल्याच वजनाने खाली येत आणि रिकाम्या वाघिणी खेचरे वर ओढून नेत. खेचरांनाही उतरताना गाडीतच बसवीत. या सुखाची त्यांना अशी गोडी लागली, की पुढे ती डोंगर पायी उतरावयास तयार होईनात, असे सांगतात. खाली येण्यास अर्धा तास आणि वर जाण्यास तीन-चार तास! कोळशाची मागणी वाढली तशी ही विषमता परवडेना. म्हणून 1840 च्या दशकात परतीचा वेगळा मार्ग बांधून माउंट पिस्गा आणि माउंट जेफरसन या दोन टेकड्यांवर बसती वाफेची यंत्रे ठेवली. पिस्गाच्या चढणीची लांबी सुमारे 2322 फूट आणि उंची 664 फूट. लोखंडी पट्ट्यांनी ओढलेली एक ठेंगणी गाडी मागून येई आणि वाघिणींना वर रेटी.

आता पट्टी तुटली तर काय, हा प्रश्न तेथील माणसांच्या जिवाचा होता. त्यांनी रुळांच्या मध्ये दातेरी पट्टी बसविली. गाडीला एक अटकण टांगली; ती चढताना प्रत्येक दातावरून टकटक करीत पुढे सरके, आणि गाडी मागे ढळू लागताच दातात रुतून बसे. पंजाबातील रहाटाला याच कामाची अटकण असते आणि तिला तेथले शेतकरी ‘कुत्ता’ म्हणतात. इंग्रजी बोलणारे कारागीरही रोलर कोस्टरच्या अशा तुकड्याला कुत्राच म्हणतात. दोन दूरच्या देशांतील माणसांना राखणदार म्हणून तोच प्राणी आठवावा, याची आम्हांला मोठी मौज वाटते. असो. पुढे 1872 साली बोगद्यातून कोळसा जाऊ लागला. हा मार्ग हौशी प्रवाशांचा झाला आणि 1933 पर्यंत चालला.

न्यूयॉर्कजवळच्या कोनी बेटावर लामार्कस थॉम्प्सन या गृहस्थाने 1884 साली सहाशे फुटांची ‘स्विचबॅक रेल्वे’ उघडली. भाडे पाच सेंट, वेग ताशी सहा मैल. आमच्याकडचा टांगेवालासुद्धा एवढ्या वेगाला हसला असता! प्रवाशांनी जिना चढून जावे, गाडीत आडवे बसावे, दुसऱ्या टोकाला उतरावे, आणि नोकरांनी गाडी ढकलून परतीच्या रुळावर घ्यावी, असा सारा प्रकार. पुढच्याच वर्षी फिलिप हिंकल याने यंत्राने गाडी प्रवाशांसकट वर ओढली, आणि जिना सुटला.

तरीही उंची फारशी वाढेना. गाड्या लाकडी पन्हळीत चालत, बाजूच्या चाकांनी सावरल्या जात, आणि ब्रेक ओढणारा माणूस बरोबरच बसे. माथ्यावर वेगाने गेलेली गाडी रूळ सोडून उडेल ही भीती खरी होती. जॉन मिलर (1872–1941) याने ही भीती दोन ठिकाणी आवळली. 1910 च्या पेटंटात त्याने साखळीच्या चढणीसाठी अटकण पक्की केली, आणि 1919 साली रुळाच्या खालून फिरणारे चाक आणले. रूळ वरच्या आणि खालच्या चाकांच्या चिमटीत आल्यावर गाडीला उडण्यास जागाच राहिली नाही. 1927 साली कोनी बेटावर उभी राहिलेली ‘सायक्लोन’ जवळजवळ 59 अंशांच्या कोनात 85 फूट खाली येते. ते धाडस या चाकाविना झाले नसते.

माथ्यावर नेमके काय घडते हे थोडे पाहू. साखळी गाडीखालच्या आकड्यात अडकून तिला वर नेते. पुढचे डबे माथा ओलांडतात, पण मागचे अजून चढतच असतात. त्यामुळे पुढे बसलेला क्षणभर दरीवर लटकल्यासारखा राहतो. निम्म्याहून अधिक वजन पलीकडे गेले की गाडी साखळीपेक्षा वेगाने पळू लागते आणि आकडा आपोआप सुटतो. शेवटच्या डब्यातील मनुष्य माथ्यावर पोचतो तेव्हा गाडी वेगात असते. तो अक्षरशः ओढून फेकला जातो. जाणते लोक मागची जागा धरतात ती यासाठी. यापुढे यंत्राचे काम संपले. वेग दुप्पट हवा तर उंची चौपट लागते, आणि घर्षणाचा वाटा जाऊन उरेल तेवढ्यातच पुढच्या टेकड्या भागवाव्या लागतात.

उंची फार वाढली की साखळीचे स्वतःचेच वजन भार होते. म्हणून ओहायोतील सीडर पॉइंट येथे 2000 साली 310 फुटांची ‘मिलेनियम फोर्स’ बांधताना तारेचा दोर वापरला. त्याच उद्यानात 2003 साली चढणीची साखळीच काढून टाकली गेली: द्रवदाबाच्या यंत्राने गाडीला सपाटीवरच ताशी 120 मैलांचा वेग देऊन 420 फुटांच्या मनोऱ्यावर फेकावयाचे. कधी जोर कमी पडे, आणि गाडी माथ्याजवळून उलटी खाली येई. एवढ्या वेगात मिलरची अटकण कशी टिकणार? तेव्हा योजकांनी गाडीला मागे येऊ दिले. ती सुटताना रुळांमधली धातूची पाती खाली दबलेली असत. ती पुढे जाताच पाती वर येत आणि परतणाऱ्या गाडीला चुंबकाच्या ओढीने, काही न घासता, हळूहळू थांबवीत. 2021 पर्यंत अशा परतलेल्या गाडीतले प्रवासी पुन्हा एकदा, फुकटात, वर फेकले जात.