दुसऱ्या दर्जाचे दोतोर

पणजीत 'जुने जीएमसी' म्हटले की आजच्या मुलांना इफ्फी आठवतो. २००४ पासून चित्रपट महोत्सवाची सगळी लगबग त्याच आवारात असते. पण मांडवीकाठच्या या आवारात शंभरांहून अधिक वर्षे डॉक्टर घडत होते. आपल्या आज्या-पणज्यांच्या बोलीत सांगायचे तर 'दोतोर'.

हा विषय निघाला की आपण गोवेकर लगेच 'आशियातली पहिली वैद्यकीय शाळा' म्हणून छाती फुगवतो. यात तारखांची थोडी ओढाताण आहे. सिप्रियानो वालादारिस नावाच्या पोर्तुगीज वैद्याने १७०३ साली राजाच्या इस्पितळात काही मुलांना शिकवायला सुरुवात केली. १८०१ साली रीतसर वर्ग सुरू झाला. आणि ५ नोव्हेंबर १८४२ रोजी गव्हर्नर कोंद दास अंतास यांच्या कारकिर्दीत 'एस्कोला मेदिको-सिरुर्जिका' म्हणजे वैद्यक व शस्त्रक्रिया शाळा स्थापन झाली. कलकत्ता आणि मद्रास येथील वैद्यकीय शिक्षण १८३५ चे. म्हणजे पहिलेपणाचा मान कोणती तारीख धरता त्यावर अवलंबून! मला त्या वादात फारसा रस नाही. मी पडलो सरकारी कारकून, शिक्षणाने कलाशाखेचा. भरतीच्या फायलींत 'किंवा समकक्ष पात्रता' हे तीन शब्द रोज वाचतो. या तीन शब्दांवर माणसांची आयुष्ये कशी अडतात आणि सुटतात ते टेबलाच्या या बाजूने दिसते. त्यामुळे या शाळेच्या इतिहासात मला सर्वांत आधी दिसला तो दर्जाचा रकाना.

पण त्याआधी थोडे मागे जायला हवे. वैद्यकी शिकवण्याची गरज फिरंग्यांना का भासली? कारण त्यांची माणसे इथे पटापट मरत होती. राजाच्या इस्पितळाची कीर्ती मोठी. १६०८ साली तिथे उपचार घेतलेल्या पिरार या फ्रेंच प्रवाशाने त्याचे तोंडभरून कौतुक केले आहे. तरीही सतराव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत त्या इस्पितळात २५,००० सैनिक मेले, असा आकडा इतिहासकार बॉक्सर देतात. युरोपातून येणारे वैद्य मोजके, आणि आलेलेही याच हवेत आजारी पडत.

मग लोक जात कोणाकडे? आपल्या वैद्यांकडे! १५६३ साली गोव्यात छापलेल्या गार्सिया द ओर्ताच्या औषधींवरील ग्रंथात मालूपा नावाचा हिंदू वैद्य भेटतो. १५८० च्या दशकात गोव्यात राहिलेला डच प्रवासी लिन्सखोतेन तर लिहितो की खुद्द व्हाइसरॉय, आर्चबिशप आणि पाद्रीसुद्धा हिंदू वैद्यांवर अधिक विश्वास ठेवतात. धर्मसभेने १५६७ सालीच ख्रिस्ती लोकांना अशा वैद्यांकडे जाण्यास मनाई केली होती. पण पोटात कळ आली की ठराव कोण वाचतो? अखेर १६१८ साली नगरसभेने तडजोड काढली : परीक्षा दिल्याशिवाय कोणी वैद्यकी करू नये आणि हिंदू वैद्यांची संख्या तीसच्या वर जाऊ नये. म्हणजे ज्यांच्याकडे ज्ञान आहे त्यांची गरज तर आहे, पण त्यांना मोजून-मापून, रांगेत उभे करून. दर्जाचा रकाना तिथेच आखला गेला, असे मला वाटते.

आता १८४२ कडे या. पोर्तुगालमध्ये १८३६ साली लिस्बन आणि पोर्तो येथील शस्त्रक्रिया शाळांची पुनर्रचना झाली, त्याच धर्तीवर ही शाळा. शिक्षण पोर्तुगीजमधून, पुस्तके युरोपातली. वैद्यांच्या मुळ्या-काढ्यांना त्या अभ्यासक्रमात मानाचे स्थान नव्हते. शिकणारे बहुतेक जुन्या काबिजादीतले ख्रिस्ती तरुण, बऱ्या घरांतले. इथून बाहेर पडलेल्यांत मोठी माणसे झाली. १८६१ साली पोर्तुगालच्या संसदेत निवडून गेलेले आणि 'ओस ब्राह्मानिस' ही कादंबरी लिहिणारे फ्रान्सिस्को लुईस गोमिश याच शाळेचे. सूक्ष्मजंतुशास्त्रज्ञ फ्रोइलानो द मेल्लो याच शाळेत शिकले आणि पुढे तिचे प्रमुख झाले.

पण बहुसंख्यांचे काय? इथला पदवीधर लिस्बनच्या पदवीधराच्या बरोबरीचा मानला जात नसे. पोर्तुगालमध्ये वैद्यकी करायची तर तिथे जाऊन पुन्हा शिकायचे, पुन्हा परीक्षा द्यायच्या. वसाहतींच्या आरोग्यखात्यात त्याची नेमणूक होई ती 'दुसऱ्या दर्जाचा वैद्य' म्हणून. हे टोपणनाव नव्हे बरे का, नोकरीतला अधिकृत हुद्दाच तो. शाळा बंद करावी असे प्रस्तावही एकापेक्षा अधिक वेळा पुढे आले.

गंमत अशी की याच दुसऱ्या दर्जाच्या माणसांवाचून साम्राज्याचे पान हलत नव्हते. मोझांबिक, अंगोला, गिनी, तिमोर... जिथे लिस्बनचा डॉक्टर जायला नाखूश, तिथे गोव्याचा दोतोर बोटीने पोचायचा. देवीची लस, तापाच्या साथी, बराकीतले रुग्ण हे सगळे त्याच्या वाट्याला. क्रिस्तियाना बाश्तुश या पोर्तुगीज मानववंशशास्त्रज्ञ विदुषीने यावर पुष्कळ संशोधन केले आहे. त्यातून दिसते ते चित्र दुहेरी आहे : हे लोक आफ्रिकेत सत्तेच्या बाजूने उभे होते आणि त्याच सत्तेच्या कागदावर दुय्यमही होते. आपण त्यांचा नुसता गौरव करू नये आणि नुसती कीवही करू नये.

हे झाले दाराच्या आत असलेल्यांचे. दाराबाहेर कोण होते? पेडणे, फोंडा, सत्तरी, काणकोण या नव्या काबिजादी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगिजांकडे आल्या. तिथला हिंदू समाज मोडी आणि बाळबोध लिहिणारा. पोर्तुगीज न येणाऱ्या मुलाला ती शाळा पणजीत असली काय आणि लिस्बनमध्ये असली काय, सारखीच. १९१० साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आल्यावर हिंदूंना बरोबरीचे हक्क मिळाले, तोवर तिथे हिंदू विद्यार्थी अगदी थोडे.

बाकीच्यांची वाट मुंबईची. पेडण्यातल्या मांद्रे गावी जन्मलेले रामकृष्ण विठ्ठल लाड, म्हणजेच डॉ. भाऊ दाजी, लहानपणीच मुंबईला गेले आणि १८४५ साली सुरू झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून १८५१ साली पदवीधर झाले. १८९६ साली मुंबईत प्लेगचे निदान करणारे डॉ. अकासिओ व्हिएगस हे हडफड्याचे, तेही ग्रँटचेच. म्हणजे मुंबईची वाट ख्रिस्ती गोवेकरांनीही धरली होती.

याच ग्रँट कॉलेजात १८६१ साली मराठी आणि गुजराती माध्यमाचे वैद्यकीय वर्ग निघाले. पुढे पुणे आणि अहमदाबाद येथे बैरामजी जीजीभाईंच्या नावाने वैद्यकीय शाळा सुरू झाल्या. हैदराबादेत १८४६ साली निजामाच्या वैद्यकीय शाळेत उर्दूतून शिकवू लागले. मराठीतून शरीरशास्त्र शिकवता येते हे दीडशे वर्षांपूर्वीच सिद्ध झाले होते! पण देशी भाषेतून शिकलेल्याला सहसा मिळे ती 'हॉस्पिटल असिस्टंट'सारखी खालची पायरी. गोव्यात पोर्तुगीज शिकूनही दुसरा दर्जा, मुंबईत मराठीतून शिकला म्हणून दुसरा दर्जा. म्हणजे भाषेचे निमित्त होते. प्रश्न होता तो स्थानिक माणूस आपल्याच गावात शिकून वरच्या रकान्यात बसू शकतो का, हा.

मुक्तीनंतर, १९६३ साली, या शाळेचे गोवा मेडिकल कॉलेज झाले. ते मुंबई विद्यापीठाला जोडले गेले, पुढे बांबोळीला हलले. आज तिथे काणकोणच्या आणि सत्तरीच्या मुली डॉक्टर होतात. हा फरक लहान नाही. भाषेचा प्रश्न मात्र जिवंत आहे. मध्य प्रदेशात २०२२ साली एमबीबीएसची हिंदी पुस्तके आली तेव्हा पुष्कळांनी थट्टा केली. त्या पुस्तकांच्या दर्जावर चर्चा जरूर व्हावी. पण तिथला विद्यार्थी उद्या दुसऱ्या रकान्यात ढकलला जाणार नाही ना, हे आधी विचारायला हवे.

आणि हे फक्त डॉक्टरांपुरते नाही. नर्स, परिचारिका-दाई, प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ, औषधे देणारे, गावात घरोघर फिरणाऱ्या आशाताई... जवळच्या संस्थेत दोन-तीन वर्षे किंवा काही आठवडे शिकून आलेली ही माणसे. ताप आला की पहिली गाठ यांच्याशीच पडते. त्यांच्या शिक्षणाला आपण मनातल्या मनात कोणता दर्जा देतो? असो. पहिलेपणाचा मान कुणाचाही असो, आफ्रिकेच्या किनाऱ्यावर लस टोचत फिरलेल्या त्या दोतोरांची आठवण ठेवायची, तर आजच्या 'दुसऱ्या दर्जा'कडे जरा आदराने पाहायला शिकू या. तुमच्या घराण्यात असा कोणी दोतोर किंवा वैज होऊन गेला असेल, तर त्याची कागदपत्रे वाळवीच्या हवाली करू नका.